ब्रिजला दणका हवा, पण नेकशी त्याचं पटायला हवं

‘काका, नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, वय २३. गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्रात वाजवतो, एरवी मित्रांबरोबर आमचा स्वतःचा बँड आहे. गिटार स्ट्रॅटसारखी (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या घडणीची), सेकंडहँड घेतलेली. तारांचा आवाज उचलणारे पिकअप तीन: ब्रिजला, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या टोकाला, हमबकर, पुढे दोन सिंगल कॉइल. तक्रारी तीन आहेत. ब्रिजचा आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येतो. नेकला, म्हणजे मानेकडच्या पिकअपला, गेलं की आवाज फुगतो आणि गुदमरतो. आणि घराच्या भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना आहे. माग सुरू झाले की अँपमधून घुंऽऽ सुरू होतं. आई म्हणते, मागाचा आवाज काय कमी आहे का, त्यात तुझं हे! पिकअप बदलायला पंधरा हजार साठवलेत. पुण्याचा एक मित्र सोळा ‘के’चा (किलोओहमचा) सिरॅमिक चुंबकाचा हमबकर स्वस्तात देतोय. तो म्हणतो, ब्रिजला हा टाक आणि नेकला दुसऱ्या कंपनीचा व्हिंटेज सिंगल घे, जोडी जबरदस्त होईल. घेऊ का? की माग बंद झाल्यावरच वाजवत जाऊ?’

प्रिय मित्रा,

आधी थेट उत्तर देतो, कारण तो मित्र वाट बघत असेल. तो सोळा ‘के’वाला हमबकर या गिटारसाठी घेऊ नकोस. पिकअप वाईट आहे म्हणून नव्हे. तू ज्या दोन सिंगल कॉइलशेजारी तो बसवणार आहेस, त्यांच्याशी त्याचं जमणार नाही म्हणून. पिकअप सुटा ऐकून घेता येत नाही. स्विच इकडून तिकडे करताना कानाला काय होतं, ते बघून घ्यायचा असतो. आणि पंधरा हजारांना अजून आठ दिवस हात लावू नकोस, कारण तुझ्या तीन तक्रारींपैकी दीड तरी फुकटात सुटेल असं मला वाटतं.

घुंऽऽपासून सुरुवात करू. तो माझ्याही ओळखीचा आहे. मी अशोक चौकाच्या मागे वाढलो. आमच्याही भिंतीपलीकडे माग होते आणि माझा पहिला अँप त्याच भिंतीला टेकून असायचा. तेव्हा मला वाटायचं अँपच खराब आहे. दोनदा उघडून घेतला, काही निघालं नाही. पुढे कळलं की दोष अँपचा नाही, माझ्या पिकअपला भिंतीपलीकडचं ‘ऐकू’ येत होतं.

तू आजच तीन गोष्टी कर. माग चालू असताना गिटार लाव आणि व्हॉल्यूम नॉब शून्यावर आण. घुंऽऽ तसाच राहिला तर गिटारला दोष देऊ नकोस. केबल, अँप किंवा घरातलं अर्थिंग बघ. शून्यावर गेल्यावर थांबला तर व्हॉल्यूम पुन्हा वाढव आणि तारांना हात लाव. हात लावल्यावर करकर बरीच कमी झाली, तर तो भाग आतल्या शील्डिंगचा आहे. पोकळीत आणि पिकगार्डच्या (वरच्या प्लास्टिकच्या पाटीच्या) मागे तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली की फरक पडतो. आता तिसरी गोष्ट. नेकचा एकटा पिकअप लावून खुर्चीत बस आणि खुर्चीसकट हळूहळू गोल फिर. एखाद्या दिशेला घुंऽऽ जवळजवळ विरतो आणि पुन्हा फिरलास की भरून येतो, असं झालं तर तो मागाच्या मोटारींचं आणि त्यांच्या वायरींचं चुंबकीय क्षेत्र थेट पिकअपच्या वेटोळ्यात शिरल्यामुळे येतोय. हा घुंऽऽ तांब्याच्या पट्टीने थांबत नाही. खूप जण शील्डिंगवर पैसे घालतात आणि मग ‘काहीच फरक नाही’ म्हणून निराश होतात, ते या दोन आवाजांत गल्लत केल्यामुळे.

हे का होतं ते समजून घे, म्हणजे पुढची सगळी निवड सोपी जाईल. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, बाकी काही नाही. पोलादी तार चुंबकासमोर थरथरली की क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. पण वेढ्यांना तार कोणती आणि मोटार कोणती हे कळत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर चालणारी प्रत्येक मोटार, ट्रान्सफॉर्मर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक आपलं क्षेत्र हलवत असतो, तेही पिकअप इमानाने अँपकडे पाठवतो. १९५५ साली गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर या अभियंत्याने यावर तोड काढून पेटंटसाठी अर्ज केला. दोन वेटोळी शेजारी ठेवायची, दुसऱ्याचे वेढे उलटे आणि चुंबकाचा ध्रुवही उलटा. बाहेरचा घुंऽऽ दोन्हींत सारखाच शिरतो, पण वेढे उलटे असल्याने एकमेकांना खोडतो. तारेच्या बाबतीत वेढेही उलटे आणि ध्रुवही उलटा, म्हणजे दोन उलट्यांचं सुलट होऊन आवाज मिळून येतो. घुंऽऽला, म्हणजे ‘हम’ला, ‘बक’ करतो म्हणून त्याचं नाव हमबकर.

आता हाच नियम तुझ्या दोन सिंगल कॉइलना लागू पडतो. मधला पिकअप जर उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवाचा असेल, तर मधला आणि नेक एकत्र लावल्यावर ते दोघे मिळून हमबकरसारखेच वागतात. स्विच नेकवरून एक घर मागे घे. घुंऽऽ एकदम बसला तर तुझा मधला पिकअप उलटा आहे, घरच्या सरावाचा तुझा निम्मा प्रश्न तिथेच मिटला. बसला नाही तर दोन्ही पिकअप एकाच जातीचे आहेत.

आता ब्रिज. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा, हे तू इतकं नेमकं लिहिलंयस की मला आधी एक शंका येते. स्विच ब्रिजवर ठेव आणि दोन्ही टोन नॉब शून्यावर आण. आवाजात काहीच बदल झाला नाही तर तुझ्या ब्रिजला टोन नॉब जोडलेलाच नाही. स्ट्रॅटच्या मूळ वायरिंगमध्ये एक टोन नेकला, एक मधल्याला, आणि ब्रिज मोकळा असतो. तीच पद्धत अनेक स्वस्त गिटारींत हमबकर टाकतानाही तशीच उचलली जाते. ब्रिजला टोनचा भार नाही म्हणजे वरचे सूर जसेच्या तसे बाहेर. एक छोटी वायर स्विचवरून दुसऱ्या टोनच्या पॉटला (नॉबखालच्या फिरत्या रोधकाला) ओढली की त्या पिकअपला नुसत्या जोडणीनेच थोडं मऊपण येतं, आणि नॉब सातवर आणला की ऑर्केस्ट्रात चालेल असा आवाज मिळतो. खर्च वायरीचा आणि दोन डाखांचा. हे करून बघितल्याशिवाय नवीन पिकअप घेतलास तर तोही किंचाळेल.

तारा कधी बदलल्यास? आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने तारा महिन्यात काळ्या पडतात. मेलेल्या तारांवर कुठलाही पिकअप तपासू नये.

नेक फुगतो यात मात्र गिटारचा स्वभावच आहे. तार दोन टोकांना बांधलेली, ब्रिजजवळ ती जेमतेम हलते, नेकच्या बाजूला मोठी झोळी घेऊन हलते. म्हणून दोन अगदी सारखे पिकअप दोन्हीकडे लावले तरी नेकचा मोठा आणि जाड वाजणार. यावरचा पहिला उपाय स्क्रूड्रायव्हर. सगळ्यात शेवटच्या पट्टीवर (फ्रेटवर) तार दाब आणि तार ते पिकअप अंतर मोज. ब्रिजला साधारण २ मिलिमीटर ठेव, नेकला अडीच ते तीनपर्यंत उतरव, जाड तारेच्या बाजूला जरा जास्तच. एका वेळी अर्धा फेरा, आणि प्रत्येक फेऱ्यानंतर तोच एक तुकडा वाजव, नेक-ब्रिज-नेक. मी आजही कुणाची गिटार हातात आली की आधी अर्धा तास हेच करतो. पिकअप फार वर असेल तर आणखी एक घोटाळा होतो: चुंबक तारेलाच ओढतो, सूर डगमगतो, जाड ‘ई’ तार बाराव्या पट्टीच्या वर एकाच वेळी दोन सूर देतेय असं वाटतं. ज्यांचे तारांखालचे खांबच अॅल्निकोच्या म्हणजे चुंबकी मिश्रधातूच्या कांड्या असतात त्या सिंगल कॉइलमध्ये हे जास्त. तुझ्या गिटारमध्ये बहुधा पोलादी खांब आणि खाली चिकटवलेली सिरॅमिकची पट्टी असेल. पिकगार्ड उघडलास की दिसेल.

हे सगळं करून आठ दिवस वाजव. मग जे खटकत राहील, त्यासाठी पैसे खर्च करायचे.

आता त्या सोळा ‘के’बद्दल. हा आकडा पिकअपची ताकद सांगतो असं सगळे समजतात. तो सांगतो फक्त वेढ्यांच्या तारेचा रोध, म्हणजे किती किलोओहम. वेढे जास्त घातले की रोध वाढतो हे खरं, पण तार बारीक घेतली तरी वाढतो. नेहमीची ४२ गेजची तार ०.०६ मिलिमीटरच्या आसपास असते, केसासारखी. ४४ गेजची त्याहूनही बारीक. सारख्याच वेढ्यांना ४४ची तार वापरली तर आकडा कितीतरी चढतो, आवाज तेवढा चढत नाही. शिवाय चुंबक कोणता हे त्या आकड्यात दिसत नाही. आणि आपल्या गावापुरती एक गोष्ट सांगतो. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. २० अंशांना ८ ‘के’ दाखवणारा पिकअप सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी, ४२ अंशांना, मीटरवर पावणेनऊच्या जवळ दाखवेल. त्याची ताकद दुपारी वाढलेली नसते. गिब्सनच्या सुरुवातीच्या हमबकरांवर ‘पेटंट अप्लाइड फॉर’ अशी चिठ्ठी असायची, त्यावरूनच ‘पॅफ’ हे नाव पडलं. एकाच कारखान्यातले ते पॅफही साधारण ७ पासून ९ ‘के’पर्यंत सापडतात, कारण वेढे मोजून थांबवायची शिस्त तेव्हा नव्हती.

तरीही सोळा ‘के’ आणि आठ ‘के’ यांच्यात फरक आहेच, पण तो नुसत्या मोठेपणाचा नाही. वेढे वाढले की इंडक्टन्स, म्हणजे वेटोळं बदलत्या विजेला किती अडवतं त्याचं माप, वाढतो. तुझ्याकडे आहेत तशा सिंगल कॉइलचा तो २-३ हेन्री असतो, पॅफ जातीचा ४-५, आणि त्या गरम हमबकरचा ८ च्या आसपास. पिकअप आणि केबल मिळून एका ठरावीक जागी आवाजाला उंचवटा देतात. सहा मीटरची साधी केबल धर. सिंगल कॉइलचा उंचवटा ४ किलोहर्ट्झच्या आसपास येतो, तिथे चमक असते. गरम हमबकरचा २ किलोहर्ट्झच्या जवळ येतो, तिथे मध्यम सुरांचा रेटा असतो. बँडमध्ये डिस्टॉर्शन लावून वाजवताना हा रेटा फार छान लागतो. पण ऑर्केस्ट्रात तुला स्वच्छ आवाजात, कीबोर्ड आणि ढोलकीच्या मधून वाट काढत जायचं असतं. तिथे गरम पिकअप अँपला आधीच फोडतो. मग तू गिटारचा व्हॉल्यूम कमी करणार, आणि व्हॉल्यूम कमी केला की चमकही जाणार. स्विच मारून नेकच्या सहा ‘के’च्या सिंगलवर आलास की आवाज एकदम बसल्यासारखा वाटणार. हमबकर स्क्रूने खाली उतरवून थोडं सावरता येतं, पण इतका फरक स्क्रूने भरून निघत नाही.

मी ही चूक केलेली आहे. नव्वदच्या दशकात पहिले चांगले पैसे मिळाले तेव्हा मीही सगळ्यात दणकट सिरॅमिक हमबकर मिळवला आणि अशाच हलक्या गिटारला लावला. एक अख्खी नवरात्र काढली त्यावर. दर वेळी मुखड्याला ब्रिज आणि अंतऱ्याला नेक करताना साउंडवाल्याचा हात फेडरकडे जायचा, आणि तो जायच्या आत अंतऱ्याची पहिली ओळ निघून गेलेली असायची. दसऱ्यानंतर मी तो काढला. पिकअप उत्तम होता. पुढे एकाने दोन्हीकडे हमबकर असलेल्या जड गिटारला लावला, तिथे तो शोभला.

म्हणून तुला माझा सल्ला असा. ब्रिजला पॅफ जातीचा, पण ब्रिजसाठी थोडे जास्त वेढे घातलेला, अॅल्निको ५ चुंबकाचा हमबकर घे. आकडाच हवा असेल तर ८ ते ९ ‘के’, फार तर १०. अॅल्निको म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांचा लोखंडाबरोबरचा मिश्रधातू. २ नंबरचा मऊ, गोलसर, खर्जात जरा सैल. ५ नंबरचा जास्त जोरकस, खर्ज आवळलेला, वर चमक. तुझा ब्रिज किंचाळतो म्हणून कुणी तुला २ नंबर सुचवेल. पण तुझ्या गिटारचं ते किंचाळणं बहुतेक वायरिंगचं आहे, आणि बँडमध्ये आवळलेला खर्ज तुला हवा आहे. म्हणून ५. सिरॅमिक म्हणजे वाईट असं मात्र मनात धरू नकोस. १९७२ साली डिमार्झिओच्या सुपर डिस्टॉर्शनने गिटारला बदलून लावायच्या पिकअपचा बाजारच उघडला, तो सिरॅमिकच होता. ज्याला ते हवं त्याच्यासाठी ते बरोबर आहे.

नेक आणि मधला मात्र सुटे घेऊ नकोस, दोघांचा संच घे. अॅल्निको ५, साडेपाच ते साडेसहा ‘के’, आणि मधला उलट वेढ्यांचा व उलट ध्रुवाचा असल्याचं स्पष्ट लिहिलेलं. मित्र म्हणतो तसा नुसता नेकचा दुसऱ्या कंपनीचा घेतलास, तर तुझ्या जुन्या मधल्या पिकअपशी त्याचा ध्रुव आणि वेढे जुळतील की नाही हे नशिबावर. दोन्ही उलट असतील तर सोनं. एकच उलट असेल तर दोघे एकत्र लावल्यावर आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा येतो, खर्ज गायब होतो. संचामध्ये ही जुळणी बनवणाऱ्याने आधीच केलेली असते.

घुंऽऽसाठी सिंगल कॉइलच्या मापाचे बिनहमचे पिकअप मिळतात; कुठे एकाखाली एक वेटोळं असतं (त्याला स्टॅक म्हणतात), कुठे दोन अरुंद पट्ट्या शेजारी. तू फक्त घरीच वाजवत असतास तर मी तेच सांगितले असते. पण एकटी नेकची सिंगल कॉइल स्वच्छ आवाजात जे बोलते, ते स्टॅकमध्ये थोडं झाकलं जातं, असं माझ्या कानाला वाटतं, आणि तुझं अर्धं काम त्या आवाजावर आहे. आणखी एक: तीन नावाजलेले परदेशी पिकअप तुझ्या पंधरा हजारांत बसणार नाहीत. एक चांगला हमबकर आणि साध्या नावाचा पण खऱ्या अॅल्निकोचा दोघांचा संच बसेल, आणि पॉट-स्विचसाठी पैसे उरतील.

पिकअप कसा गुंडाळतात हे तुला तुझ्या गल्लीतच समजेल. माझी आई मागासाठी कांड्या भरायची. मशीनवर भरलेली कांडी एकसारखी, थरावर थर. हाताने भरलेली जरा वेडीवाकडी, धागा थरांना ओलांडून जाणारा. पिकअपचंही तसंच. हाताने तार फिरवलेल्या वेटोळ्यात थर अचूक बसत नाहीत, शेजारच्या वेढ्यांची जवळीक कमी होते, त्यामुळे धारणक्षमता (वेढ्यांमध्ये वीज साठण्याची क्षमता) थोडी कमी राहते आणि वरचे सूर जरा मोकळे येतात. जाहिरातीत ‘स्कॅटर वाउंड’ लिहिलेलं दिसेल ते हेच. ज्या दिवशी मी पहिल्यांदा उघडा पिकअप बघितला, त्या दिवशी मला आईची कांडीच दिसली. पण गल्लीतल्या मोटार-वाइंडिंगवाल्याकडे पिकअप भरायला नेऊ नकोस. त्याचा हात उत्तम असेल, पण मोटारीच्या तारेला लागतो तसा ताण ह्या केसासारख्या तारेला दिला तर ती तुटते, आणि तुटलेली कुठे ते सापडत नाही.

पॉटचा विषय थोडक्यात, पण त्यात चूक करू नकोस. सिंगल कॉइलला २५० ‘के’चे पॉट, हमबकरला ५००चे, अशी रीत आहे. पॉट वीज थोडी जमिनीकडे गळू देतो. लहान पॉट जास्त चमक गाळतो. तुझ्या गिटारमध्ये दोन्ही जाती एकाच व्हॉल्यूमवर आहेत, म्हणून व्हॉल्यूम ५०० ‘के’, पुढच्या दोन्हींना जोडलेला टोन २५० ‘के’, आणि ब्रिजचा टोन ५०० ‘के’ असं कर. सिंगल कॉइलवर मिळून १६७ ‘के’चा भार पडेल, पूर्ण सिंगल गिटारला तो १२५ असतो, पूर्ण हमबकर गिटारला २५०. म्हणजे तुझा भार या दोन्हींच्या मधला, आवाज थोडा उजळ बाजूचा. तुला अजून मऊ हवा असेल तर मग नंतर रोधक घालता येईल. व्हॉल्यूमचा पॉट लॉग जातीचा मागून घे. लिनियर घेतलास तर नॉब दहाकडून खाली येताना बराच वेळ काही होत नाही आणि शेवटी एकदम आवाज जातो. टोनला ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरे.

आता दोन कंपन्यांचे पिकअप एकत्र येणार, म्हणजे फेज, म्हणजे त्यांची वीज एकाच दिशेने उमटते का, ते तपासायलाच हवं. चार तारांचाच हमबकर घे, दोन तारांचा नको. सेमूर डंकनच्या हमबकरमध्ये काळी तार स्विचकडे जाते, पांढरी आणि लाल एकमेकींना जोडून टेप लावायची, हिरवी आणि उघडी तार अर्थला. डिमार्झिओमध्ये लाल स्विचकडे, काळी-पांढरी एकमेकींना, हिरवी आणि उघडी अर्थला. एकाचा नकाशा बघून दुसऱ्याचा लावला की घोळ होतो. इतर कंपन्यांचे रंग वेगळे, डब्यातला कागद फेकू नकोस. रंगांवर विसंबण्यापेक्षा मोजून बघ. मल्टिमीटर २० ‘के’वर ठेवून पिकअपच्या दोन टोकांना लाव, स्क्रूड्रायव्हरचं लोखंड खांबांवर टेकव आणि झटकन वर उचल. आकडा क्षणभर वर जातो की खाली, ते बघ. नेक, मधला आणि हमबकर, तिघांचा आकडा एकाच दिशेला उडाला पाहिजे. हमबकरचा उलट उडाला तर त्याच्या स्विचकडच्या आणि हिरव्या तारेची अदलाबदल कर, उघडी तार मात्र अर्थलाच राहू दे. बसवायच्या आधी टेबलावर दोन मिनिटांत होणारं काम आहे. बसवल्यावर सगळं पुन्हा उघडावं लागतं.

माप घ्यायला विसरू नकोस. ब्रिजवर पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर मोज. बऱ्याच स्ट्रॅट जातींना ते ५२-५३ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त येतं, तर जुन्या मापाच्या हमबकरच्या खांबांमधलं ४९-५० असतं. बाहेरच्या तारा खांबांच्या कडेने गेल्या तर पहिली तार बारीक वाजते, खासकरून बेंड घेताना, म्हणजे तार बाजूला ओढून सूर चढवताना. रुंद मापाचा, बरेच जण ‘एफ-स्पेस’ म्हणतात तो, मागून घे.

मित्राशी संबंध बिघडायला नकोत म्हणून एक सुचवतो. पुढच्या खेपेला तो हुतात्मा एक्सप्रेसने येईल तेव्हा पिकअप घेऊन ये म्हणावं. मीटर लावून दोन्ही वेटोळी वेगवेगळी मोज. दोन्हींचा आकडा जवळपास सारखा हवा. एकात मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटलीय. मग बसवून दोन दिवस वाजव, नेकशी स्विच करत करत. माझं ऐकण्यापेक्षा तुझ्या कानाने ऐकलेलं पक्कं राहील. आणि दुपारी गिटार बंद गाडीत ठेवून स्टेशनवर जाऊ नकोस. उन्हात गाडीच्या आत वेटोळ्यातलं मेण सुटण्याइतकी उष्णता साठू शकते. मेण सुटलेला पिकअप मोठ्या आवाजात शिट्टी मारतो.

डाख देण्याचं काम कधी केलं नसशील तर आधी जुन्या रेडिओच्या पाटीवर हात बसव. पॉटच्या पाठीवर अर्थचा डाख घेताना पाठ आधी किसून घे, सोल्डरिंग आयर्न पुरेसं तापू दे, आणि तीन-चार सेकंदांत काम संपव. डाख चकाकला पाहिजे. राखाडी, खडबडीत दिसला तर तो आज धरेल आणि कार्यक्रमाच्या रात्री सोडेल. उघडायच्या आधी सगळ्या वायरींचे मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेव. जुने पिकअप कोणता कुठला होता ते चिठ्ठी लावून डब्यात ठेव.

राहिला माग बंद झाल्यावरच वाजवायचं का, हा प्रश्न. नाही. ती गोल फिरायची परीक्षा आठव. ज्या दिशेला घुंऽऽ विरला, तिथे खुर्चीच्या चारी पायांभोवती फरशीवर खडूने खूण कर आणि सराव तिथेच बसून कर. अँप भिंतीपासून जितका दूर नेता येईल तितका ने, आणि त्याच्यासमोर नव्हे, त्याला काटकोनात बस. नेकचा एकटा आवाज नको असेल तेव्हा स्विच एक घर मागे. नवीन संच येईपर्यंत आईला एवढ्यानेही फरक कळेल. फरशी पुसली की खूण पुन्हा कर.

तुझा,
काका